अवकाशाचे दाणे मोजून पोट भरते का?

पत्र : सर, मी रिसोड तालुक्यातला शेतकरी. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. मोठी पोरगी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, अभ्यासात चांगली. आम्ही नर्सिंग नाही तर अ‍ॅग्रीचं पाहत होतो. आता म्हणते, "मले क्वांटम ग्रॅव्हिटी शिकाची हाये." तिचे मामा म्हणतात, एक एकर काढा अन् पोरीले कोटाले धाडा. भाऊकी म्हणते, तीस वर्षांची होईपर्यंत शिकत राहिली तर लग्न कधी करसान? असं शिकून नोकरी लागते का, हे स्पष्ट सांगा. मागच्या पानावर पोरीनं तिचे प्रश्न लिहिले आहेत, तेही पाहा.

(मागच्या पानावर :) आइनस्टाइन आणि क्वांटम दोन्ही बरोबर असतील तर भांडण कशाचं? अवकाश दाणेदार आहे का, आणि असेल तर दाण्यांच्या मधे काय आहे? काळ खरा आहे की भास? शंभर वर्षांत उत्तर सापडलं नाही, तर शास्त्रज्ञ रोज करतात काय? हिंगोलीच्या लायगोमध्ये हे शिकायला मिळेल का?

उत्तर :

भाऊ,

आधी शेताचं सांगतो, कारण पत्रात तातडीची गोष्ट तेवढीच आहे. एकर काढू नका. मामांचा हेतू चांगलाच असणार, पण कोटा आहे ते इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेशासाठी. तुमच्या मुलीच्या वाटेवर परीक्षा वेगळी आहे. तिची तयारी एनसीईआरटीची पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एखादा नीट शिकवणारा शिक्षक एवढ्यावर होते. असा शिक्षक वाशीमला सापडेल, नाही तर अकोल्याला. गेलेली जमीन शिष्यवृत्तीतून परत घेता येत नाही.

दुसरं म्हणजे, क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या जगाचे क्वांटम नियम एका सिद्धांतात बसवायचा प्रयत्न, हा अकरावीत निवडायचा विषयच नाही. ती निवड अजून सहा-सात वर्षांनी, पीएच.डी.ला बसताना करायची असते. आज ठरवायचं आहे ते इतकंच, की भौतिकशास्त्र आणि गणित मन लावून शिकायचं की नाही. या दोन निर्णयांची गल्लत झाली म्हणून तुमच्या घरात एवढा वाद झाला. भौतिकशास्त्र शिकलेल्याला कामाच्या बऱ्याच वाटा असतात. क्वांटम ग्रॅव्हिटीतच संशोधक म्हणून कायमची जागा मिळवणारे मात्र आपल्या देशात फार थोडे. तुमची पोरगी फक्त पहिली बाजू बघते, भाऊकी फक्त दुसरी.

आता जरा तिच्याशी बोलतो. तुम्हीही वाचा. उद्या पारावर कोणी "हे काय खूळ?" असं विचारलं तर कामी येईल.

पोरी, तुझा पहिला प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवतो. आइनस्टाइननं १९१५ मध्ये सांगितलं की वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश-काळ वाकतो आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. हे नुसतं पुस्तकातलं नाही. बाबा ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून फोटो काढतात, तेव्हा मोबाइल जागा ओळखतो ती उपग्रहांवरून. त्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइनस्टाइनच्या सूत्रांनी ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात जागेची चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल आणि तुमचं सोयाबीन दुसऱ्याच गावच्या शिवारात उभं दिसेल. क्वांटम सिद्धांत, म्हणजे अणू आणि त्याहून बारीक कणांचे नियम, हाही तितकाच खणखणीत आहे. त्याच मोबाइलची चिप आणि तुमच्या घरातला एलईडी बल्ब त्याच्याच जोरावर चालतात.

मग भांडण कुठे? समज, एक इलेक्ट्रॉन आहे. क्वांटम सिद्धांतानुसार तो "इथे" आणि "तिथे" अशा दोन्ही शक्यतांच्या एकत्र अवस्थेत राहू शकतो. पण त्याला वस्तुमान आहे, म्हणजे तो अवकाश वाकवणार. कुठे वाकवणार, इथे की तिथे? आइनस्टाइनच्या समीकरणाला एकच एक उत्तर लागतं आणि क्वांटम सिद्धांत ते द्यायला तयार नाही. अमेरिकेत चॅपेल हिल इथल्या १९५७ च्या परिषदेत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञानं नेमका हाच पेच मांडला होता. तेव्हा तुझा प्रश्न खुळा आहे असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

बाकीच्या बलांना क्वांटमच्या चौकटीत बसवायची जी पद्धत आहे, तीच गुरुत्वाकर्षणाला लावली की उत्तरात अनंत संख्या येऊ लागतात आणि त्या काढून टाकता येत नाहीत. अडचण साध्या गणिताची नाही, हे सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत मात्वेई ब्रॉनस्टाइन हा सोव्हिएत तरुण होता. त्यानं १९३६ मध्ये दाखवलं की फार लहान जागेतलं गुरुत्वक्षेत्र हवं तितकं अचूक मोजायला गेलं, तर मोजण्याची क्रियाच आडवी येते. दोन वर्षांनी स्टालिनच्या राजवटीनं त्याला गोळी घातली. तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. या विषयाच्या इतिहासात मला सगळ्यांत जास्त हळहळ त्याच्याबद्दल वाटते.

रोजच्या जगात हे भांडण आपल्याला जाणवत नाही, कारण अणूच्या पातळीवर गुरुत्वाकर्षण अगदीच दुबळं असतं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट आहे, एकावर ३९ शून्ये इतक्या पट. दोन्ही सिद्धांत एकाच वेळी लागतात ते कृष्णविवराच्या पोटात आणि विश्वाच्या अगदी सुरुवातीला. तिथे आइनस्टाइनची समीकरणं अनंत उत्तर देऊन थांबतात.

आता दाण्यांचं. घरात वाटण्या झालेल्या तू पाहिल्या असशील. शेताचे तुकडे पडत पडत एका टप्प्यावर तुकडेबंदी कायदा आड येतो, त्याहून लहान तुकडा होत नाही. अवकाशालाही अशी तुकडेबंदी आहे का, हा तुझा प्रश्न. लूप क्वांटम ग्रॅव्हिटी नावाचा विचार "हो" म्हणतो. त्याचा पाया १९८६ मध्ये अभय अष्टेकर यांनी घातला. १९४९ साली आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्या पायावर १९९५ मध्ये कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी हिशेब मांडला की क्षेत्रफळ आणि घनफळ हवं ते असू शकत नाही, ते ठरावीक पायऱ्यांनीच वाढतं.

"दाण्यांच्या मधे काय?" असं विचारताना तू नकळत एक मोठं रिकामं पोतं गृहीत धरलंस, ज्यात दाणे भरलेत. या सिद्धांतात असं पोतंच नाही. दाण्यांची एकमेकांशी असलेली जोडणी हाच अवकाश. "शेजारी" आणि "लांब" या गोष्टी त्या जोडणीतूनच येतात. पचायला जड जातं. मोठमोठ्यांनाही गेलं आहे.

पण हे सिद्ध झालेलं नाही, हे पक्कं लक्षात ठेव. यूट्यूबवर ते झाल्यासारखं सांगतात. स्ट्रिंग सिद्धांतवाले दुसऱ्याच वाटेनं जातात. त्यांच्या मते मूळ घटक म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, आणि त्यांच्या कंपनातून गुरुत्वाकर्षण आपोआप निघतं. त्या वाटेवरचे आपल्याकडचे मोठे नाव अशोक सेन. त्यांनी बरंचसं काम प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत बसून केलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत थाणू पद्मनाभन होते, २०२१ मध्ये गेले. त्यांना वाटे की गुरुत्वाकर्षण ही मूळ गोष्टच नसावी. रेणूंच्या धावपळीतून तापमान तयार होतं, तसं तेही आणखी खोलवरच्या कशातून तरी तयार होत असावं. म्हणजे तीन हुशार माणसं, तीन दिशा. माझ्या मते विद्यार्थ्यानं पंचविशीच्या आत यातला कुठलाच झेंडा हाती घेऊ नये.

दाणे किती लहान असावेत, हे तू स्वतः काढू शकतेस. अकरावीच्या पहिल्याच धड्यात मिती-विश्लेषण आहे. गुरुत्वस्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि दोन पायने भागलेला प्लांकचा स्थिरांक, हे तीन घे. त्यांचा असा गुणाकार-भागाकार शोध की शेवटी एकक फक्त मीटर उरेल. घातांची तीन साधी समीकरणं सुटली की वर्गमुळासह सूत्र मिळतं. किमती घातल्यावर दशांश चिन्हानंतर ३४ शून्ये आणि मग १६ येईल, तितके मीटर. मॅक्स प्लांकनं १८९९ मध्ये ही एककं मांडली, तेव्हा क्वांटम सिद्धांत जन्मायचा होता. हे गणित मी मुद्दाम देतो आहे. या विषयावरचे व्हिडिओ तासन्‌तास बघणारी पुष्कळ मुलं मला लिहितात. वही उघडून हे गणित पुरं करण्यात ज्याला मजा येते, त्यानं या वाटेला यावं. ज्याला त्याचा कंटाळा येतो, त्याला विषयाच्या गोष्टी आवडतात, विषय नाही. त्यातही काही वाईट नाही, फक्त त्यावर करिअर उभं करू नये.

काळाबद्दल थोडक्यात. काळाचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हे मोजलेलं आहे. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर ठेवलं, तर ते किंचित पुढे गेलं. त्याच्याही पुढे गोंधळ आहे. १९६० च्या दशकात व्हीलर आणि डीविट यांनी सगळ्या विश्वासाठी जे क्वांटम समीकरण मांडलं, त्यात काळ दिसतच नाही. याचा अर्थ काळ भास आहे असा काहीजण लावतात, तर काहींना समीकरणच अपुरं वाटतं. हा वाद आजही मिटलेला नाही.

रोज करतात काय? बहुतेक वेळ कागद, फळा, संगणक आणि एकमेकांच्या चुका शोधणं. प्रयोग जवळजवळ अशक्य आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्वांत मोठ्या कण-त्वरकाला जी ऊर्जा गाठता येते, तिच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या पट ऊर्जा हे दाणे थेट तपासायला लागेल. म्हणून आडमार्ग शोधतात. २००९ च्या मे महिन्यात फर्मी दुर्बिणीनं एका गॅमा-किरण स्फोटाचा प्रकाश टिपला. सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करून आलेला. अवकाश ठरावीक प्रकारे खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेचा प्रकाश कमी ऊर्जेच्या प्रकाशापेक्षा मागेपुढे पोचायला हवा होता. तसा फरक दिसला नाही, आणि दाण्यांच्या काही साध्या कल्पना तिथेच बाद झाल्या. २०१७ मध्ये सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसंच मार्लेटो आणि वेड्रल यांनी टेबलावर मावेल असा प्रयोग सुचवला. दोन अतिसूक्ष्म वस्तू फक्त गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर क्वांटम नात्यात गुंततात का, ते पाहायचं. तो करून दाखवायला तंत्रज्ञान अजून पुढे जायला हवं, पण तुझ्या पिढीच्या हाती लागेल असं काही असलं तर मला ते हेच वाटतं.

लायगो-इंडिया. औंढा नागनाथ तुमच्याकडून लांब नाही, म्हणून आशा वाटणं साहजिक आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, टिपेल. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, तेव्हा भुजेच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही खूप लहान होता. तरी अवकाशाचे दाणे त्यात दिसणार नाहीत, ते त्याहूनही कितीतरी बारीक. तिथे काम असेल लेझर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचं. क्वांटम ग्रॅव्हिटी नसली, तरी भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला खऱ्या पगाराचं काम.

आता भाऊ, तुमच्याकडे येतो. वाटा दोन आहेत.

पहिली, बारावीनंतर थेट आयसर, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था. देशात सात आहेत, आपल्याला जवळचं पुणे. त्याची प्रवेशपरीक्षा आयएटी. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट नावाची परीक्षा असते. पाच वर्षांत एमएस्सीच्या तोडीची पदवी मिळते. दुसरी वाट बीएस्सीची. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था किंवा नागपूरची विज्ञान संस्था, दोन्ही जुन्या, दोन्ही सरकारी. बीएस्सी करता करता जॅम ही परीक्षा द्यायची आणि एमएस्सीला आयआयटीत जायचं. दुसऱ्या वाटेला कोणी कमी लेखलं तर ऐकून घेऊ नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीत रुळायला पहिलं वर्ष जातंच. ते वर्ष घरापासून फार लांब नसलेल्या महाविद्यालयात गेलं तर मुलगी खचत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. साधारण २३ व्या वर्षापर्यंत घरचा खर्च आणि शिष्यवृत्ती यांवर चालवावं लागेल. बारावी बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली तर केंद्राच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळण्याची सोय आहे. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली की पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी. करताना ती घरावर ओझं नसते, उलट घरी चार पैसे पाठवू शकते. शिष्यवृत्ती कुठलीही असो, हप्ता उशिरा येईल असं धरूनच पहिल्या वर्षाची तजवीज करा. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास असाल तर नागपूरच्या महाज्योतीकडे चौकशी करा, मराठा-कुणबी असाल तर सारथी, अनुसूचित जातीत असाल तर बार्टी. आणि दाखले आतापासून काढा. केंद्राच्या संस्थांना ओबीसीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलच्या खेटा घालणारे पालक दरवर्षी दिसतात.

पीएच.डी. होईल २८-२९ व्या वर्षी. त्यानंतर दोन-तीन ठिकाणी, बहुधा परदेशात, ठरावीक मुदतीचं संशोधन. प्राध्यापकाची पक्की जागा मिळाली तर पस्तिशीच्या आसपास. निम्म्या वाटेवर बाहेर पडावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. क्वांटम संगणनासाठी केंद्रानं २०२३ मध्ये सहा हजार कोटींची मोहीम मंजूर केली आहे. हवामानाची प्रारूपं, कर्करोग रुग्णालयातलं रेडिएशनचं भौतिकशास्त्र, अणुऊर्जा खातं, डेटाचं काम, महाविद्यालयात शिकवणं, या सगळीकडे हीच पदवी लागते किंवा चालते. एवढं मात्र मी लिहून देणार नाही की ती क्वांटम ग्रॅव्हिटीचीच प्राध्यापक होईल. तसं छातीठोक सांगणारा कोणी भेटला तर त्याला फी देऊ नका.

लग्नाचं. पीएच.डी. करताना लग्नं होतात, पुष्कळांची होतात. मुलीला २३ व्या वर्षापासून स्वतःचं मानधन सुरू होतं, ही गोष्ट भाऊकीला सांगून पाहा. त्यांना ३७,००० चा आकडा दाण्यांपेक्षा लवकर समजेल. बाकी हा निर्णय तिचा आहे, भाऊकीचा नाही, आणि यात मी यापेक्षा जास्त बोलणार नाही.

पोरी, अभ्यासाचं एवढंच. या दोन वर्षांत कलनशास्त्र, सदिश आणि मॅट्रिक्स इतके पक्के कर की झोपेतून उठवलं तरी यावेत. सापेक्षतेचं सगळं गणित यांवरच उभं आहे. नोव्हेंबरच्या सुमारास भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडची पहिली फेरी असते, एनएसईपी. निवड होवो न होवो, पेपर दे. प्रश्न कसे विचारतात ते कळेल. आणि सिद्धांत स्वतः मांडायची घाई नको. वहीच्या मागच्या पानांवर तसं काही लिहिलं असशील तर राहू दे, फाडू नकोस, पण कोणाला पाठवूही नकोस.

शेवटी एक काम या आठवड्यातलं. आयएटीत भौतिक, रसायन, गणित यांच्याबरोबर जीवशास्त्राचेही प्रश्न असतात. चारही विषयांचे सारखेच, १५-१५. तुझ्याकडे जीवशास्त्र आहे की ते सोडून दुसरा विषय घेतलास, हे पत्रात नाही. सोडलं असशील तर विषय बदलायची मुदत अजून आहे का, ते महाविद्यालयाच्या कार्यालयात सोमवारीच विचार. मुदत संपली असेल तर जीवशास्त्राची एनसीईआरटीची दोन पुस्तकं आण आणि घरीच वाचायला घे.